साल्पा रेषा: फिनलंडच्या अरण्यातील न झुंजलेली तटबंदी

फिनलंडच्या आग्नेय टोकाला, रशियाच्या सीमेजवळ, व्हिरोलाहती आणि मिएहिक्काला या परिसरांना जोडणारी सुमारे ५० किलोमीटर लांबीची एक पायवाट आहे. पाइन आणि स्प्रूस वृक्षांच्या दाट अरण्यातून जाणाऱ्या या वाटेवर शेवाळाने झाकलेल्या ग्रॅनाइटच्या शिळांच्या रांगा, बुजत चाललेले खंदक आणि काँक्रीटचे भक्कम बंकर पाहावयास मिळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या ‘साल्पा’ या संरक्षक रेषेचे हे अवशेष होत. विशेष म्हणजे या रेषेवर एकही लढाई झाली नाही.

उभारणीची पार्श्वभूमी

सोव्हिएत संघाने ३० नोव्हेंबर १९३९ रोजी फिनलंडवर आक्रमण केले. १०५ दिवस चाललेले हे ‘हिवाळी युद्ध’ १३ मार्च १९४० रोजी थांबले. मात्र तहानुसार व्हिपुरी शहरासह कारेलिया प्रांताचा मोठा भाग फिनलंडला सोडावा लागला आणि चार लाखांहून अधिक लोक निर्वासित झाले. सीमा पश्चिमेकडे सरकल्याने कारेलियातील जुनी संरक्षक ठाणी शत्रूच्या प्रदेशात गेली. नवी सीमा उघडी पडली होती. अशा परिस्थितीत सरसेनापती मानरहाइम यांच्या नेतृत्वाखाली १९४० मध्येच नव्या तटबंदीचे काम हाती घेण्यात आले.

१९४१ च्या वसंतात सुमारे ३५,००० माणसे या कामावर होती. त्या वेळी फिनलंडची लोकसंख्या जेमतेम ३७ लाख होती, हे लक्षात घेतल्यास या श्रमाची व्याप्ती ध्यानी येते. कामगारांच्या भोजनाची व्यवस्था ‘लोटा’ या महिला संघटनेच्या स्वयंसेविकांनी सांभाळली.

‘साल्पा’ या फिनिश शब्दाचा अर्थ कडी किंवा अडसर असा आहे. आपल्याकडील गडांच्या महाद्वारामागे जसा लाकडी अडसर सरकवीत असत, तसा देशाच्या पूर्व दारामागे घातलेला हा अडसर होता, असे म्हणता येईल.

रचना कशी आहे?

फिनलंडच्या आखातापासून उत्तरेस लॅपलँडपर्यंत ही रेषा सुमारे १,२०० किलोमीटर पसरलेली आहे. तथापि ती अखंड भिंत नाही. असंख्य सरोवरे आणि दलदली हे तेथील निसर्गदत्त अडथळे होत. त्यांच्या मधून जाणारे रस्ते व कोरडे पट्टे तेवढे बांधकामाने अडविण्यात आले. आखातापासून सायमा सरोवरापर्यंतचा दक्षिण भाग सर्वाधिक भक्कम असून उपरोक्त पायवाट त्याच भागातून जाते.

संपूर्ण रेषेवर काँक्रीटची सातशेहून अधिक बांधकामे, सुमारे ३५० किलोमीटर लांबीचे खंदक आणि सुमारे २२५ किलोमीटर लांबीचे दगडी रणगाडाविरोधी अडथळे आहेत. कित्येक टन वजनाच्या शिळा जवळपासच्या खडकांतून फोडून ओळींमध्ये जमिनीत रोवल्या जात. त्यांवर चढू पाहणारा रणगाडा पोटाशी अडकावा आणि मागील बंकरमधील तोफांच्या माऱ्यात सापडावा, अशी ही योजना होती. वाटेवरून चालताना शिळांची ओळ, तिच्यामागील खंदक आणि उंचवट्यावरील बंकर यांचा परस्परसंबंध प्रत्यक्ष उलगडत जातो.

श्रम वाया गेले काय?

जून १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीच्या बाजूने पुन्हा युद्धात उतरला. त्याचे सैन्य पूर्वेकडे सरकल्याने काम थांबले. जून १९४४ मध्ये सोव्हिएत फौजांनी प्रचंड हल्ला चढवून २० जून रोजी व्हिपुरी पुन्हा जिंकले, तेव्हा ते घाईने सुरू झाले. मात्र रेषेच्या पूर्वेस, ताली-इहान्ताला येथील लढाईत हे आक्रमण रोखले गेले आणि १९ सप्टेंबर १९४४ रोजी शस्त्रसंधी झाला.

पाठीशी असलेल्या या तटबंदीमुळे आणखी पुढे जाणे महाग पडेल, असे सोव्हिएत नेतृत्वाला वाटले असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. न झालेल्या लढाईचे श्रेय सिद्ध करणे अवघड असते. परंतु अडसराचे यश दार न ठोठावले जाण्यातच असते, ही बाजूही दुर्लक्षिता येत नाही.

पदयात्रींसाठी

व्हिरोलाहती येथे बंकर संग्रहालय आणि मिएहिक्काला येथे साल्पा रेषेचे संग्रहालय असून ती मुख्यतः उन्हाळ्यात खुली असतात. बंकरमध्ये काळोख व ओल असल्याने विजेरी जवळ बाळगावी. गवतात गोचिडांचा उपद्रव असतो, त्यामुळे पूर्ण कपडे घालणे हितावह ठरते. फिनलंडच्या परंपरेनुसार अरण्यात कोणालाही मुक्तपणे फिरता येते, रानफळे व अळंबीही वेचता येतात. मात्र परक्याच्या जमिनीवर परवानगीविना शेकोटी पेटविता येत नाही.

सीमेलगतच्या पट्ट्यात मात्र हे स्वातंत्र्य संपते. पिवळ्या खुणांनी दर्शविलेल्या या पट्ट्यात सीमा रक्षक दलाच्या परवान्याविना प्रवेश निषिद्ध आहे. व्हिरोलाहतीतील वालिमा हे रशियाकडे जाणारे प्रमुख नाके नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद करण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिनलंड ‘नाटो’चा सदस्य झाला होता. त्यामुळे शेवाळलेल्या या शिळांकडे आज केवळ इतिहास म्हणून पाहता येत नाही. त्या ज्या सीमेसाठी रोवल्या गेल्या, तिच्याविषयीची चिंता अद्याप संपलेली नाही.