मोडीत काढण्यापूर्वी

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरच्या गोणपाटातून काळवंडलेली भांडी बाहेर येतात. कधी त्यांत पितळी घंगाळ असते, कधी फिरकीचा तांब्या, तर कधी पानाचा डबा आणि अडकित्ता. ती वापरणारे घरात कोणी उरलेले नसते आणि जागेची टंचाई तर सर्वत्रच. मग भांड्यांच्या दुकानात काटा लागतो, वजन होते, घट वजा जाते आणि मोडीच्या बदल्यात स्टीलचा डबा घरी येतो. व्यवहार चोख होतो. मात्र हिशेब झालेला असतो तो केवळ धातूचा. त्या वस्तूच्या अंगी असलेले दुसरे मूल्य काट्यावर चढतच नाही.

हे दुसरे मूल्य ओळखणाऱ्यांत पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या या गृहस्थांनी गावोगाव हिंडून समया, दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्य वापराच्या वस्तू गोळा केल्या. या छंदात पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. अल्पवयात निधन पावलेल्या राजा या पुत्राच्या स्मरणार्थ या संग्रहाला ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ असे नाव देण्यात आले आणि १९७५ साली केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अहमदाबाद येथे सुरेंद्र पटेल यांनी १९८१ साली उभारलेले ‘विचार’ हे संग्रहालय तर केवळ भांड्यांनाच वाहिलेले आहे. लोकांच्या लेखी जी अडगळ होती, तीच या दोघांच्या लेखी इतिहासाची साधने ठरली.

वस्तू स्वतःच बोलते

जुन्या वस्तूचे वय ओळखण्यासाठी प्रथम तिच्यावरील अक्षरे शोधावीत. भांड्यांवर नावे घालण्याची आपल्याकडील प्रथा येथे फार उपयोगी पडते. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तिथी एवढा मजकूर एखाद्या परातीच्या काठावर सहज सापडतो. वर्ष शकातील असेल तर त्यात ७८ मिळवावेत. शके १८५० म्हणजे इ. स. १९२८-२९. गुजरात, राजस्थानकडील भांड्यावर विक्रम संवत असेल तर त्यातून बहुधा ५७ वजा करावे लागतात.

अक्षरे नसतील तेथे नाणी आणि मापे साक्ष देतात. पत्र्याच्या डब्यावर किंमत आण्यांत छापलेली असेल, तर तो बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. कारण त्या दिवशी रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले. धान्य मोजण्याचे चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही मापे १९५६ च्या वजनमापविषयक कायद्यानंतर व्यवहारातून हळूहळू मागे पडली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हा हिशेब आज किती जणांना तोंडपाठ असेल? परदेशी बनावटीच्या वस्तूवर ‘वेस्ट जर्मनी’ असा ठसा असल्यास ती १९४९ ते १९९० या काळातील समजावी.

त्यानंतर घडण पाहावी. हाताने ठोकलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा असतात आणि त्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. तांबे व जस्त यांचे पितळ, तर तांबे व कथील यांचे कांसे. कांशाच्या वाटीवर टिचकी मारली असता नाद बराच वेळ घुमतो. लोहचुंबक चिकटले तर वरचा पिवळा रंग हा केवळ मुलामा आहे, हे उघड होते.

बाजारात रसायनांनी काळी केलेली नवी भांडीही ‘जुनी’ म्हणून खपविली जातात. तेथे झीज पारखावी. खरी झीज वापराच्या जागीच होते. तांब्याचा गळा, अडकित्त्याच्या मुठी, समईची वात सारण्याची जागा बोटांनी गुळगुळीत झालेली असते. काळेपणा सर्वत्र एकसारखा आणि झीज मात्र कोठेच नाही, अशा वस्तूविषयी शंका घ्यावी.

जतन आणि कायदा

हौसेने वस्तू लखलखीत करण्याचा मोह आवरावा. वारंवार घासल्याने नक्षी आणि नावे पुसली जातात. धूळ झटकून कोरड्या मऊ कापडाने पुसणे बहुधा पुरेसे असते. पितळी भांडे स्वयंपाकात वापरावयाचे झाल्यास आधी कल्हई करून घ्यावी, अन्यथा आंबट पदार्थ त्यात कळकतात. पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू व कारागिरीच्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि अशा वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठविण्यास मनाई आहे, हेही संग्राहकाने ध्यानी ठेवावे.

नोंद हेच तारण

वस्तू किती जुनी यापेक्षाही ती कोणाची आणि कोठून आली, हे अधिक मोलाचे असते. आजीच्या लग्नात आलेले घंगाळ आजीला ओळखू येते. तिच्या पश्चात ते केवळ काही किलो पितळ उरते. दागिन्यांची यादी आपण कपाटात जपून ठेवतो. तशीच एक वही या वस्तूंसाठी घालावी: छायाचित्र, वजन, कोरलेला मजकूर, कोणी आणली, कोणत्या प्रसंगी आणि घरातील कोणाच्या तोंडून ही माहिती मिळाली. घरातील सर्वच वस्तू ठेवणे शक्य नसते, काही मोडीत जाणारच. परंतु काट्यावर भांडे चढण्यापूर्वी घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीच्या हाती ते एकदा द्यावे आणि ती काय सांगते ते लिहून घ्यावे. भांडे पुढे दुसरे मिळेल. ती सांगणारी व्यक्ती मात्र पुन्हा भेटणार नाही.