दोन चॅनल, तीन नॉब आणि एक हेडफोन

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेला जोसेफ सॅडलर लहानपणी घरातली विजेची उपकरणे उघडून बसायचा. मूळ बार्बाडोसचा हा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि १९७०च्या दशकात ‘ग्रँडमास्टर फ्लॅश’ या नावाने हिप-हॉपच्या पहिल्या फळीचा डीजे झाला. त्याच्याकडे सोनी कंपनीचा एमएक्स-८ मिक्सर होता. तो बनवलेला मायक्रोफोनसाठी, त्यामुळे त्यात एक सोय नव्हती. एका टर्नटेबलवरचे गाणे लोक ऐकत असताना दुसऱ्यावरचे गाणे फक्त आपल्या कानात ऐकता येत नव्हते. फ्लॅशने सुट्या भागांच्या दुकानातून एक साधा टॉगल स्विच आणला, मिक्सरच्या वरच्या पत्र्यावर चिकटवला आणि हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर जोडला. दांडी एकीकडे केली की एक टर्नटेबल कानात, दुसरीकडे केली की दुसरे, मध्ये ठेवली की बंद.

या सोयीला ‘क्यू’ म्हणतात. मिक्सरचे बाकी सगळे नंतर येते, क्यू आधी. पैसे मोजके असतील तर खरेदीचाही हाच क्रम ठेवावा. आधी कानाला काय ऐकू येते ते पाहावे, मग हाताखाली काय फिरते ते, आणि दिवे, इफेक्ट, जादा चॅनल यांचा विचार उरलेल्या पैशात करावा.

पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर घरीच काढलेले बरे : गाणी वाजणार कशावरून? फक्त लॅपटॉपवरून वाजणार असतील, तर स्वतंत्र मिक्सरची गरजच नाही. पायोनियर डीजेच्या डीडीजे-एफएलएक्स४सारख्या कंट्रोलरमध्ये दोन जॉग व्हील, मधला मिक्सरचा भाग आणि साउंड कार्ड असे सगळे एकाच डब्यात येते. मात्र अशा स्वस्त कंट्रोलरमध्ये गाण्यांचे मिश्रण प्रत्यक्षात लॅपटॉपमधले सॉफ्टवेअर करते. लॅपटॉप बंद पडला की नॉब फिरवून काही होत नाही, आणि बाहेरचा सीडी प्लेअर जोडायला बहुतेकांना जागाच नसते. हळदीच्या कार्यक्रमात कोणी पाहुणा स्वतःचे प्लेअर घेऊन येणार असेल, तर मग मिक्सरच हवा.

रेकॉर्ड वाजवायच्या असतील तर मागच्या बाजूला ‘फोनो’ लिहिलेले इनपुट आणि अर्थिंगचा स्क्रू आहे का ते पाहावे लागते. टर्नटेबलच्या सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. प्लेअर किंवा साउंड कार्डचा सिग्नल त्याच्या शेकडो पट मोठा असू शकतो. फोनो इनपुटमध्ये हा लहान सिग्नल वाढवणारे वेगळे सर्किट असते आणि त्याचे पैसे किमतीत धरलेले असतात. ज्याच्याकडे टर्नटेबल नाही आणि घ्यायचाही विचार नाही, त्याने ते का भरावेत?

क्यू तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक चॅनलला वेगळे क्यू बटण असावे आणि हेडफोनमध्ये ‘क्यू’ व ‘मास्टर’ यांचे प्रमाण कमी-जास्त करणारा नॉब असावा. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज बऱ्याचदा १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतर ५०० मिलिसेकंद असते. म्हणजे कानात येणारा ठोका जवळजवळ अर्ध्या मात्रेने मागे पडू शकतो. अशाने दोन गाण्यांची लय जुळायची कशी?

आता हाताखालचे. प्रत्येक चॅनलला गेन (येणाऱ्या सिग्नलची पातळी ठरवणारा नॉब) आणि उंच, मधल्या व खालच्या सुरांसाठी हाय, मिड, लो असे तीन ईक्यू नॉब असलेला मिक्सर घ्यावा. दोनच बँडच्या ईक्यूवर पैसे वाचवू नयेत. एक गाणे वाजत असताना दुसरे आत घेतले की दोन्हींचे बेस एकमेकांवर आदळतात आणि आवाजाचा चिखल होतो. म्हणून येणाऱ्या गाण्याचा लो आधीच उतरवून ठेवतात. नेमक्या मात्रेवर जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर. ऐकणाऱ्याला फक्त गाणे बदललेले कळते, सांधा कळत नाही. हे जमण्यासाठी लो नॉब पूर्ण डावीकडे नेल्यावर बेस खरोखर गेला पाहिजे. काही स्वस्त मिक्सरमध्ये तो फक्त थोडा कमी होतो. दुकानातच फिरवून ऐकावे.

क्रॉसफेडरमध्ये, म्हणजे एका चॅनलवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या आडव्या सरकपट्टीत, किमतीचा फरक चटकन जाणवतो. साध्या फेडरमध्ये आवाज कार्बनच्या पट्टीवरून जातो. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की खरखर सुरू होते. व्हीसीए पद्धतीत फेडर फक्त सूचना देतो आणि आवाज दुसऱ्या सर्किटमधून जातो, त्यामुळे खरखर कमी होते. स्क्रॅच करणाऱ्यांसाठी चुंबकीय किंवा कपॅसिटिव्ह फेडर मिळतात. पायोनियरच्या डीजेएम-२५०एमके२ या दोन चॅनलच्या मिक्सरला चुंबकीय क्रॉसफेडर आहे. इनोफेडरसारखा कपॅसिटिव्ह फेडर सुटा घेऊन बऱ्याच मिक्सरमध्ये बसवता येतो. लग्नात आणि वाढदिवसाला लांब मिश्रण करणाऱ्याला एवढ्याची गरज नाही. चांगले उभे चॅनल फेडर त्याला पुरतात.

चार चॅनलचा आणि इफेक्टचा मोह अनेकांना होतो. १९७१मध्ये बाजारात आलेला बोझॅक कंपनीचा सीएमए-१०-२डीएल हा डीजेंसाठी विकायला आलेल्या पहिल्या मिक्सरपैकी मानला जातो. त्याला क्रॉसफेडर नव्हता, इफेक्ट नव्हते, होते ते गोल नॉब. न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत त्यावर रात्री रंगल्या. आजही दोन गाणी जोडायला दोन चॅनल लागतात. तीच किंमत चार चॅनलमध्ये वाटली गेली की प्रत्येक फेडर आणि प्रत्येक नॉब हलका होतो.

मागची बाजू पाहायला विसरू नये. घरच्या स्पीकरला आरसीए पिन चालते. मैदानात स्पीकरपर्यंत लांब वायर टाकायची तर बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट हवे, कारण वाटेत शिरलेला हम त्यात बऱ्याच अंशी कापला जातो.

सेकंड हँड मिक्सर हा कमी पैशातला सर्वांत शहाणा मार्ग असू शकतो, पण तपासून. गाणे न लावता गेन आणि मास्टर वाढवून फुसफुस किती येते ते ऐकावे. मग गाणे लावून प्रत्येक फेडर अगदी हळू वरखाली करावा. तो पूर्ण खाली असताना आवाज झिरपत असेल तर सौदा सोडावा. हेडफोनची पिन जागच्या जागी हलवून पाहावी. एक कान मध्येच बंद होत असेल तर जॅक सैल झाला आहे. यूएसबीचा मिक्सर असेल तर त्याचा ड्रायव्हर आपल्या लॅपटॉपच्या आजच्या विंडोज किंवा मॅकवर चालतो का, हे पैसे देण्यापूर्वी स्वतः लावून पाहावे. जुन्या मॉडेलचे ड्रायव्हर कंपन्या नवे करतीलच असे नाही.

बजेटमधून चांगल्या हेडफोनचे आणि पक्क्या वायरींचे पैसे आधीच बाजूला काढावेत. उरलेल्या रकमेत तीन बँडचा ईक्यू, नीट क्यू आणि घट्ट फेडर असलेला दोन चॅनलचा मिक्सर बसत असेल, तर तोच घ्यावा. इफेक्टचे बटण नसल्याने कोणाचा कार्यक्रम अडलेला नाही.