धुळीने मोजलेला ध्वनी

ध्वनी समजावून सांगायचा म्हटले की फळ्यावर नागमोडी रेघ उमटते. आलेख म्हणून ती चुकीची नाही. पण हवाही तशीच वर-खाली हेलकावत असावी, असा समज तिच्यामुळे अनेक मुलांच्या मनात घर करतो आणि बारावीची परीक्षा संपली तरी जात नाही. ध्वनी हा अनुतरंग आहे. तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेत हवेचे कण किंचित पुढे-मागे होतात, वर-खाली नव्हे. हे डोळ्यांना दाखवणारे, चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला जमण्यासारखे आणि शिवाय नुसती गंमत न राहता आकडा हाती देणारे एकच उपकरण सुचवायचे झाले, तर मी कुंटची नळी सुचवेन.

आउगुस्ट कुंट (१८३९–१८९४) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८६६ साली ही पद्धत मांडली. आडव्या काचनळीत त्यांनी लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची अतिशय हलकी, पिवळसर पूड पसरली. नळीचे एक टोक बुचाने बंद होते. दुसऱ्या टोकातून एक कांडी आत गेलेली आणि मध्यावर घट्ट आवळलेली होती. काचेची कांडी ओल्या फडक्याने लांबीच्या दिशेने चोळली की ती किंचाळते. तिच्या टोकावरची चकती नळीतली हवा हलवते, बंद टोकावरून तरंग उलटा फिरतो, आणि जाणारा-येणारा तरंग एकमेकांत मिसळून स्थिर तरंग तयार होतो. ध्वनी सेकंदाला तीनशे मीटरहून जास्त वेगाने पळत असतो, पण त्याचा आकृतिबंध जागच्या जागी थांबतो. काही ठिकाणी हवा हलतच नाही, ते निस्पंद. त्यांच्या मधोमध ती सर्वांत जोरात हलते, ते प्रस्पंद. प्रस्पंदापाशी पूड उसळते, निस्पंदापाशी निवांत पडून राहते. दोन लगतच्या निस्पंदांमधले अंतर म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी. ते पट्टीने मोजावे, दुप्पट करावे, वारंवारितेने गुणावे, की ध्वनीचा वेग मिळतो.

एवढ्यावर हा प्रयोग शाळकरी वाटेल. पण या धुळीने पुढे जे सांगितले, ते ऐकून भलेभले रसायनशास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले होते.

अकरावीच्या विद्यार्थ्यांना न्यूटनचे सूत्र आणि लाप्लासची दुरुस्ती पाठ असते. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त मांडलेल्या विचाराने शून्य अंश सेल्सिअसला हवेतला वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर येतो, प्रत्यक्षात तो ३३२ च्या आसपास असतो. संपीडनात हवा तापते आणि ती उष्णता बाहेर पडायला तरंग वेळच देत नाही, हे लाप्लासने दाखवले आणि सूत्रात गॅमा हा गुणक आला. हवेसाठी तो १.४. परीक्षेपुरता तो एक आकडा आहे. वायूच्या रेणूबद्दल मात्र तो फार मोठी बातमी देतो. वायूला दिलेली ऊर्जा रेणू कोणकोणत्या प्रकारे साठवू शकतो, यावर गॅमा ठरतो. दोन अणूंचा रेणू धावतो आणि गरगरतोही, म्हणून १.४. एकट्या अणूला फक्त धावणे माहीत, म्हणून सिद्धान्तानुसार त्याचा गॅमा १.६७ यायला हवा. अडचण अशी होती की असा वायू तोवर कोणी मोजलाच नव्हता.

पाऱ्याच्या वाफेचा रेणू एकाच अणूचा असावा, असे रसायनशास्त्रज्ञ घनतेवरून म्हणत होते. १८७० च्या दशकाच्या मध्यावर कुंट आणि एमिल वारबुर्ग यांनी तापवलेल्या नळीत पाऱ्याची वाफ भरली, तिच्यातले धुळीचे अंतर हवेच्या नळीतल्या अंतराशी ताडून पाहिले आणि गॅमा काढला. उत्तर १.६७ आले. पुढे १८९४ मध्ये लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅमझे यांनी आरगॉन शोधला, तेव्हा कसोटी पुन्हा हीच होती. हा कशाशीच संयोग न पावणारा वायू. रसायनशास्त्राची नेहमीची हत्यारे त्याच्यापुढे बोथट होती. आरगॉन म्हणजे तीन अणू जोडलेला नायट्रोजन असावा, असे खुद्द मेंडेलीव्ह यांना वाटत होते. नळीतल्या ध्वनीने मात्र १.६७ च्या जवळचा आकडा दिला, म्हणजे रेणूत एकच अणू. आवर्तसारणीत अख्खा नवा गण उघडण्यात या निष्कर्षाचा मोठा वाटा होता. अणू कोणी पाहिला नव्हता, तो आहे की नाही यावरही वाद चालू होता, आणि रेणूत ते किती आहेत हे एका किंचाळणाऱ्या नळीने सांगितले. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या स्वस्त साधनाने इतके खोल उत्तर क्वचितच मिळाले असेल.

आता गटाने हे उभारायचे कसे, ते पाहू. कांडी चोळण्याची जागा आज स्पीकरने घेतली आहे. साधारण एक मीटर लांबीची, चार-पाच सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची नळी पुरते. ती मिळाली नाही तर प्रोजेक्टरसाठी वापरत त्या पारदर्शक शीटांची गुंडाळी करून टेपने जोडली तरी काम भागते. जुनी ट्यूबलाइट कापण्याची कल्पना प्रत्येक गटात कोणाला तरी सुचते. तिला तिथेच नकार द्यावा, कारण आत पारा असतो. स्पीकर नळीहून मोठा असेल तर मध्ये नरसाळे बसवावे आणि सांधा फोम व पॅकिंग टेपने नीट बुजवावा. फट राहिली तर आवाज खोलीत जातो, नळीत नाही. दुसऱ्या टोकाला मागे-पुढे सरकणारा दट्ट्या असला तर उत्तम. मोबाइलवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपमधून हवी ती वारंवारिता मिळते, पण मोबाइलचा स्वतःचा स्पीकर पुरत नाही. मध्ये छोटा अ‍ॅम्प्लिफायर हवाच.

आत काय पसरायचे, हा खरा कळीचा प्रश्न. लायकोपोडियम शाळेत सहसा मिळत नाही. टाल्कम पावडरचे दमट हवेत गोळे होतात. बुचाची बारीक पूड चांगली चालते. सर्वांत देखणा खेळ मात्र बीन बॅगमधल्या थर्माकोलच्या मण्यांचा. त्यातही बारीक मणी चाळून घ्यावेत. त्यांची एक खोड आहे: कोरड्या हवेत ते स्थितिक विद्युतभाराने नळीच्या भिंतीला चिकटतात आणि मग काही केल्या खाली येत नाहीत. किंचित ओलसर कापड आतून फिरवले की बहुतेक मणी सुटतात. पावसाळ्यात हा त्रास कमी, हिवाळ्यात जास्त.

स्पीकर सुरू करून वारंवारिता सावकाश वाढवत गेले तर बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका आकड्याला आवाज एकदम भरून येतो आणि मणी उठतात. हा अनुनाद. एक मीटरच्या नळीत, ३० अंश तापमानाला, असे अनुनाद साधारण १७५ हर्ट्‌झच्या अंतराने येत जातात. पहिला सापडला की पुढचे कुठे शोधायचे हे गणितच सांगते, आणि गटातल्या शंकेखोर मुलाला पटवायला तेवढे पुरते. कामाची वाटणी इथे आपोआप होते: एकजण वारंवारितेवर, एकजण दट्ट्यावर, एकजण पट्टीवर, एकजण तापमापकावर. तापमापक नसेल तर प्रयोग अर्धाच झाला, कारण दर अंशामागे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. मेच्या दुपारी घेतलेला आकडा पुस्तकातल्या शून्य अंशाच्या ३३२ शी जुळत नाही म्हणून तो ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह गटाला होतो. तो आकडा सुधारायचा नसतो. ३० अंशाला ३४९ हेच अपेक्षित उत्तर आहे.

मोजताना एकच अंतर घेऊ नये. १००० हर्ट्‌झला लगतच्या दोन निस्पंदांत साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असते. पहिल्यापासून पाचव्या निस्पंदापर्यंतचे अंतर मोजून चाराने भागले की पट्टी वाचण्यातली चूकही चारपट कमी होते. नळीच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणाने आणि उष्णतेच्या देवाणघेवाणीने वेग किंचित घटतो. त्याचा हिशेब गुस्ताव किर्खहॉफ यांनी १८६८ मध्येच मांडला. आपल्या जाड नळीत हा फरक एक टक्क्याहूनही कमी भरतो. आवाज कानठळ्या बसवणारा असतो, तेव्हा मोजणी संपताच तो बंद करावा आणि कानांत बोळे घालावेत. नळीभोवती रंगीत एलईडी लावून प्रदर्शनात बक्षीस मिळवणारे प्रकल्प पुष्कळ असतात. वेग किती आला असे विचारले की त्यांतले बरेच गप्प होतात.

नीट निरखले तर नळीत आणखी एक कोडे दिसते. प्रस्पंदापाशी मणी नुसते उसळत नाहीत, तर एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर पातळ उभ्या पडद्यांसारखे उभे राहतात. हे अंतर तरंगलांबीहून कितीतरी लहान असते, त्यामुळे स्थिर तरंगाच्या साध्या चित्रात त्याला जागा नाही. एवढ्या मोठ्या आवाजातही हवेची मागे-पुढे हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. मग मणी एवढी शिस्त कुठून शिकतात? उकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. प्रवाहाला आडवे, शेजारी शेजारी असलेले दोन मणी त्यांच्यामधून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे एकमेकांकडे ओढले जातात, आणि प्रवाहाच्या दिशेत एकामागे एक असलेले दूर लोटले जातात. म्हणून पडदे, आणि पडद्यांमध्ये मोकळी जागा. यापलीकडे नळीत हवेचे संथ भोवरेही फिरत असतात. त्यांचे गणित रॅले यांनी १८८० च्या दशकात मांडले.

कुंट यांच्या हाताखाली पुढे नावारूपाला आलेली माणसे घडली. क्ष-किरणांचे राँटजन हे त्यांचे साहाय्यक होते, आणि हाइनरिख रुबेन्स हे विद्यार्थी. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये प्लांक यांनी आपले प्रारणाचे सूत्र मांडले ते याच रुबेन्स यांच्या मोजमापांच्या आधारे. रुबेन्स यांनी १९०५ मध्ये ओटो क्रिगार-मेंझेल यांच्यासह धुळीऐवजी ज्योती वापरल्या: सुमारे चार मीटर लांबीच्या नळीला ओळीने भोके, आत गॅस, आणि ध्वनीबरोबर उंच-सखल होणारी ज्योतींची रांग. इंटरनेटवर याचे व्हिडिओ पाहून अनेक गटांना हेच करायचे असते. एलपीजी हवेहून जड असतो, खाली साचतो, आणि वर्गात त्याला वाट नसते; माझे मत या बाबतीत जुनाट म्हणावे इतके ठाम आहे, ज्योतींची नळी शाळेत नको.

सपाट पृष्ठभागावरची आकृती पाहायची असेल तर आपल्याकडे जोखमीविना दुसरी वाट आहे. सी. व्ही. रामन यांनी मृदंग आणि तबल्याच्या पुडीवर बारीक वाळू पसरून तिची कंपने तपासली. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर सुरेल प्रमाणात बसत नाहीत. पुडीवरच्या काळ्या शाईचा भार ते ओढून जागेवर आणतो, हे त्यांनी दाखवले. शिवकाली कुमार यांच्यासोबतचे त्यांचे टिपण १९२० साली ‘नेचर’मध्ये आले आणि १९३४ मध्ये सविस्तर लेख. गटात कोणाच्या घरी तबला असेल तर ती वाळू पुन्हा पसरून पाहता येते, फक्त शाई जपून.

नळीकडे परत यायचे तर शेवटचा टप्पा मुलांनी कुंट यांच्याच वाटेने घ्यावा आणि वायू बदलावा. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एका बाटलीत मिसळून निघणारा कार्बन डायऑक्साइड रबरी नळीने आत सोडावा. नळी थोडी तिरकी धरून वायू खालच्या टोकाने भरला की हवा वरच्या फटीतून बाहेर पडते. मग फट बुजवून नळी पुन्हा आडवी ठेवावी. खिडक्या उघड्या हव्यात. हवेच्या वेळी बसलेला अनुनाद लगेच बिघडतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये ३० अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला २७० मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे दट्ट्या सरकवून पुन्हा जुळवल्यावर १००० हर्ट्‌झचे साडेसतरा सेंटिमीटरचे अंतर आकसून साडेतेराच्या जवळ यायला हवे. घरगुती वायूत हवा आणि वाफ मिसळलेली असते, म्हणून प्रत्यक्षात बहुधा साडेतेरा आणि साडेसतराच्या मधले काहीतरी मिळते. त्या आकड्यावरून नळीत हवा किती उरली होती, हे उलटे गणित करून काढता येते.