मिस ब्रीडची पोस्टकार्डं

समजा, हुकूम आला... आठवड्याभरात घर रिकामं करा. सोबत फक्त हातात उचलता येईल तेवढं सामान. गुन्हा काय? तर तुमचे आईवडील किंवा आजोबा अमुक एका देशातून आले!

अमेरिकेत हे खरंच घडलंय. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि जपानी वंशाची सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांमध्ये डांबली गेली. त्यातले दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. आरोपपत्र नाही, खटला नाही. चेहरा हाच पुरावा!

आपल्या शाळेच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर आणि हिरोशिमा. हा मधला धडा मला सापडला तो सॅन दिएगोच्या एका लायब्ररीत. चार पॅनल, काही फोटो आणि लहान मुलांच्या अक्षरातल्या पत्रांच्या प्रती. एवढंच प्रदर्शन. पण मी तासभर तिथून हलले नाही.

क्लॅरा ब्रीड या सॅन दिएगोच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांच्या विभागाच्या ग्रंथपाल. जपानी वंशाची कितीतरी मुलं त्यांच्याकडे पुस्तकं न्यायला यायची. एप्रिल १९४२ मध्ये या मुलांना घेऊन जाणारी गाडी सुटायची होती, तेव्हा त्या स्टेशनवर गेल्या. हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा. स्वतःचा पत्ता लिहिलेला, पेनीचं तिकीट लावलेलं. ‘पत्र लिहा’ एवढंच त्यांचं मागणं होतं.

मुलांनी लिहिलं. आधी लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवरून, जिथे कितीतरी कुटुंबांची सोय चक्क घोड्यांच्या तबेल्यात केली होती. मग ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीतून. उकाडा, धूळ, शाळा, मित्रमैत्रिणी... आणि हो, पुस्तकं पाठवा ना! मिस ब्रीड पुस्तकं पाठवत राहिल्या, साबणासारख्या बारीकसारीक वस्तूही. शिवाय १९४३ मध्ये या अन्यायाविरुद्ध लेखही लिहिले. लक्षात घ्या, हे युद्ध ऐन भरात असताना, सरकारी पगारावर!

म्हणून मला त्या ग्रेट वाटतात. मोर्चा नाही, भाषण नाही. आपल्या टेबलावर जे काम होतं, तेच त्यांनी कुंपणापलीकडेही चालू ठेवलं. अशी सुमारे अडीचशे पत्रं त्यांनी अर्धशतक जपली. आज ती लॉस एंजेलिसच्या जपानी अमेरिकन नॅशनल म्युझियममध्ये आहेत.

‘त्यांच्याकडचं’ म्हणून सोडून देऊ नका. १९६२च्या चीन युद्धानंतर आपणही सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या लोकांना आसाम, दार्जिलिंग भागातून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यात मुलंही होती. काहीजण तिथे अनेक वर्षं अडकले. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले. आपल्याकडे असा कायदा झालेला नाही.

देवळीच्या गाडीत बसलेल्या मुलांच्या हातात कुणी पोस्टकार्ड दिलं असेल का? लायब्ररीतून बाहेर पडल्यावरही मला हाच प्रश्न पडला होता. बातम्यांमध्ये ‘हे लोक असेच’ असं ऐकलं, की तो हल्ली पुन्हा पडतो.