पलटण सुटली, सोबत सुटू नये

उल्हासनगरला आजही आपण 'कॅम्प' म्हणतो, कारण दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती. आपल्या समाजाचे सैन्याशी नाते त्याहून जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. पुढे बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून माजी सैनिकाचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्याच्या मनाची विचारपूस आपण क्वचितच करतो.

शिपाई बहुधा पस्तीस-चाळिशीतच निवृत्त होतो. पंधरा-सतरा वर्षे उठणे, जेवण, काम आणि मित्र सगळे पलटणीबरोबर. घरी आल्यावर ते एका दिवसात संपते. मग बारा तासांची सिक्युरिटीची ड्युटी, बदलापूर लोकलची गर्दी, घराचे हप्ते, जुन्या जखमांचे दुखणे. काहींना सीमेवरचे प्रसंग झोपेत पुन्हा दिसतात. "फौजी रडत नाही" असे ऐकत आल्याने तो बोलत नाही. दारूचा आधार घेतो. दारूने झोप आणखी बिघडते आणि निराशा वाढते.

पुढील खुणा दिसल्या तर सावध व्हावे: झोप उडणे, एकटे बसणे, पिणे वाढणे, "माझा सगळ्यांना भार झालाय" असे बोलणे, कागदपत्रे व आवडत्या वस्तू देऊन टाकणे, फार अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होणे.

अशा वेळी जवळ बसून सरळ विचारा, "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट मन मोकळे होते. उपदेश करू नका, ऐकून घ्या. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका. घरात परवान्याची बंदूक, कीटकनाशक किंवा औषधांचा साठा असेल तर तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा असेल तर ११२ किंवा १०८ लावा.

उपचारासाठी ईसीएचएस कार्ड असलेल्यांनी पॉलिक्लिनिकमध्ये मनाचा त्रास स्पष्ट सांगावा. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पेन्शनची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. पुष्कळदा मनावरचे निम्मे ओझे अडलेल्या कागदाचेच असते.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला पोलिसांच्या भीतीने घरात लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानले जाते आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर येते. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मध्येच बंद करू नयेत. घरातल्या वहिनीही थकलेल्या असतात, त्यांनाही विचारा.

आम्हाला एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या विहारात रविवारी वंदनेनंतर वस्तीतील माजी सैनिकांनी अर्धा तास एकत्र बसावे. एखादा आला नाही तर त्याच दिवशी दोघांनी त्याच्या घरी जावे. पलटणीत हजेरी घेताना कोण आला नाही हे लगेच कळायचे. वस्तीतही ते कळायला हवे.