कोवळ्या कंठाची कीर्ति

श्रोतेहो, गायकाची कीर्ति वयाबरोबर हळूहळू वाढावी, असा आपला साधारण समज असतो. दहा-बारा वर्षें गुरूपाशीं बसावें, पुढें तितकींच वर्षें मेहनत करावी, आणि मग कोठें चार जाणत्या माणसांनीं मान डोलवावी, हा शास्त्रोक्त गाण्याचा जुना शिरस्ता. परंतु हा शिरस्ता बाजूस सारून, मिसरूड फुटण्यापूर्वींच हजारोंच्या गळ्यांतला ताईत होऊन बसणारा एक गायकवर्ग सर्व देशांत आढळतो. त्याचा उदय जितक्या झपाट्यानें होतो, तितक्याच झपाट्यानें पुष्कळदां त्याचा अस्तहि होतो. असें कां व्हावें, याचा आज आपण विचार करूं. त्यासाठीं फार दूर जावयास नको. आष्ट्याहून सांगलीस जाणारा रस्ता सुमारें वीस किलोमीटरांचा. त्या रस्त्याच्या शेवटीं जें शहर आहे, तेथेंच अशा एका मोठ्या कीर्तीला ओहोटी लागली. ती कीर्ति मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची.

प्रथम या मुलखाविषयीं दोन शब्द. ज्या आष्ट्यांत भावईचा उत्सव पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, तेथील माणसाला सोंग म्हणजे काय, हें शिकवावें लागत नाहीं. सांगलींत विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' हा खेळ केला आणि मराठी नाटकाचा पाया घातला. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, तर 'मानापमान'कार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे खुद्द सांगलीचे. पुढें १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, आणि तेव्हांपासून पुढचीं पन्नास वर्षें महाराष्ट्रांत लोकप्रिय गाणें म्हणजे नाटकांतील पद, असें समीकरण होऊन बसलें.

या संगीत नाटकाची एक अडचण होती. प्रतिष्ठित मंडळ्यांत स्त्रिया काम करीत नसत. नायिकेचीं पदें पुरुषालाच म्हणावीं लागत. म्हणून प्रत्येक मंडळीला असा मुलगा हवा असे, कीं जो अंगानें नाजूक, नाकींडोळीं नीटस, आणि ज्याचा गळा वरच्या पट्टींत सहज फिरतो. असा मुलगा मिळाला म्हणजे मंडळीच्या चालकाची वर्षांची विवंचना मिटली. केशवराव भोसले बालवयांतच 'शारदा' नाटकांतील नायिकेच्या कामानें नांवारूपास आले, आणि वयाच्या अठराव्या वर्षीं, १९०८ सालीं, हुबळीस त्यांनीं 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी उभी केली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हे १९०५ सालीं मिरजेस किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले, तेव्हां त्यांचें वय सतरा वर्षांचें होतें. पुढें त्यांची लुगडें नेसण्याची तऱ्हा आणि केशरचना यांचें अनुकरण घरंदाज स्त्रियाहि करूं लागल्या. एखाद्या तरुण गायकासाठीं वेडें होणें ही आजकालचीच तऱ्हा आहे, असें ज्यांना वाटतें, त्यांनीं आपल्या पणजीच्या पिढीकडे एकवार पाहावें.

१९१३ सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले व त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. किर्लोस्कर मंडळींत मोठी पोकळी पडली. नव्या कोवळ्या कंठाची तिला निकड होती, आणि १९१४ सालीं गोव्यांतील मंगेशी येथील एक मुलगा तिला मिळाला. २९ डिसेंबर १९०० रोजीं जन्मलेले हे दीनानाथ. त्यांच्या गळ्याची जात अगदीं निराळी होती. बालगंधर्वांचें गाणें लडिवाळ व संथ, तर दीनानाथांचें तेजस्वी, चपळ, विजेसारख्या तानांचें. चारच वर्षांत, १९१८ सालीं, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्या सहकार्यानें बलवंत संगीत मंडळी निघाली. दीनानाथांना तेव्हां अठरावें वर्ष चालू होतें. गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकांतील लतिका, आणि पुढें वीर वामनराव जोशी यांच्या 'रणदुंदुभि' नाटकांतील तेजस्विनी या भूमिकांनीं त्यांचें नांव घरोघर झालें. ज्या वयांत इतर मुलें परीक्षेच्या चिंतेंत असतात, त्या वयांत या तरुणाच्या गळ्यावर एका संपूर्ण मंडळीचें अन्न अवलंबून होतें.

आतां अशा कीर्तीला ग्रासणारें पहिलें संकट पाहूं. तें निसर्गाकडून येतें. मुलगा वयांत येऊं लागला, म्हणजे त्याच्या घशांतील स्वरयंत्र वाढतें. स्वरतंतु लांब व जाड होतात. तंबोऱ्याची जाड तार जशी खालचा स्वर देते, तसा हा जाड झालेला तंतु खालीं बोलूं लागतो. मुलांचा आवाज या घडामोडींत सुमारें एका सप्तकानें खालीं येतो. मुलींचा दोन-तीन स्वरांनींच उतरतो. हें स्थित्यंतर कांहीं महिन्यांपासून एक-दोन वर्षांपर्यंत चालतें. त्या काळांत गळा मालकाचें ऐकत नाहीं: वरचा स्वर लावावयास जावें, तों आवाज चिरकतो. जुने गवई याला आवाज फुटणें म्हणत. ज्या मुलाची सारी किंमत वरच्या पट्टींतील गोडव्यावर ठरलेली, त्याच्यापुढें या वेळीं अंधार उभा राहतो.

युरोपांतहि हेंच झालें. व्हिएन्ना येथील सेंट स्टीफन मंदिराच्या गायकवृंदांत लहानपणीं गाणारा योझेफ हायडन, आवाज फुटतांच १७४९ च्या सुमारास तेथून बाहेर पडला. त्याच्या अंगांत स्वररचनेची बुद्धि होती, म्हणून पुढें तो थोर संगीतकार झाला. अमेरिकेंतील फ्रँकी लायमन या मुलाची गोष्ट मात्र करुण आहे. १९५६ सालीं, तेराव्या वर्षीं, एका गाण्यानें तो देशभर गाजला. थोड्याच काळांत आवाज बदलला, लोक दुसऱ्या मुलाकडे वळले, आणि १९६८ सालीं अमली पदार्थांच्या व्यसनांत, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. त्याला गातां येत नव्हतें असें नव्हे. परंतु लोकांनीं त्याच्या गाण्यावर जितकें प्रेम केलें, तितकेंच त्याच्या तेरा वर्षांवर केलें होतें. आणि तेरावें वर्ष कोणाहि माणसापाशीं एकच वर्ष राहतें.

या पहिल्या संकटांतून दीनानाथ सुखरूप पार पडले. याचें कारण तालीम. त्यांनीं रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या कडक गुरूपासून विद्या घेतली. 'रणदुंदुभि'च्या चाली याच वझेबुवांच्या. पुढें 'मानापमान'मधील धैर्यधर या पुरुषभूमिकेंतहि दीनानाथ तितकेच शोभले. विद्या असली, म्हणजे गळा बदलला तरी गाणारा बदललेल्या गळ्याशीं नवा करार करूं शकतो.

दुसरें संकट मात्र घशांतलें नव्हतें, आणि त्यावर रियाजाचा उपाय चालत नव्हता. १९३१ सालीं मुंबईंत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट झळकला, आणि १९३२ सालीं प्रभात कंपनीनें कोल्हापुरांत तयार केलेला 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला. नाटक मंडळी म्हणजे एक फिरतें गांव. नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, सामानसुमान, या सर्वांचा खर्च रोजचा. आणि खेळ एका वेळीं एकाच ठिकाणीं. बोलपट मात्र डब्यांत बंद करून एकाच रात्रीं दहा गांवीं धाडतां येतो, तिकीट कांहीं आण्यांचें, आणि त्यांत स्त्रीची भूमिका स्त्रीच करते. रंगभूमीवर शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकाला नटाच्या चेहऱ्यावरची रेघ दिसत नाहीं. कॅमेऱ्याला ती प्रथम दिसते. शिवाय नाटकांत एक पद वन्समोअर घेत अर्धा तास रंगवावें, ही ज्यांची संवय, त्यांना बोलपटांत तेंच पद तीन-चार मिनिटांत उरकावें लागे. आलापाला जागा नाहीं, आणि समोर टाळी देणारा श्रोताहि नाहीं.

दीनानाथांनीं या लाटेपुढें हातपाय गाळले नाहींत, हें त्यांच्या धाडसाला शोभणारेंच होतें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सांगलींत बलवंत पिक्चर्स ही चित्रसंस्था काढली, आणि १९३४ सालीं 'कृष्णार्जुनयुद्ध' हा बोलपट पडद्यावर आला. तो चालला नाहीं. नाटकाला एक रात्र अपयश आलें, तर दुसऱ्या रात्रीं दुसरा खेळ लावून तोटा भरून काढतां येतो. चित्रपटांत सर्व पैसा आधीं घालावा लागतो आणि निकाल एकदांच लागतो. संस्था कर्जांत बुडाली आणि नाटक मंडळीहि तिच्याबरोबर गेली. बालगंधर्वांचीहि हीच वाट झाली. १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटांत ते एकनाथांच्या भूमिकेंत दिसले, परंतु रंगभूमीवरील त्यांची जादू पडद्यावर उतरली नाहीं. दोघेहि असामान्य गायक; दोघांचाहि कंठ शाबूत होता. नाहींसें झालें तें त्यांच्या पायांखालचें व्यासपीठ.

दीनानाथांचे शेवटचे दिवस पुण्यास गेले. २४ एप्रिल १९४२ रोजीं, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. मागें पत्नी व पांच मुलें. त्यांतील थोरली मुलगी लता तेरा वर्षांचीहि नव्हती. त्याच वर्षीं ती 'पहिली मंगळागौर' या चित्रपटांत काम करूं लागली आणि घरचा भार तिनें उचलला. बापाला चौदाव्या वर्षीं मंडळींत जावें लागलें, तसेंच मुलीलाहि कोवळ्या वयांतच कमवावें लागलें. परंतु या दोहोंमध्यें एक मोठा फरक पडला होता. तोंवर पार्श्वगायनाची पद्धति रूढ होऊं लागली होती: दिसणारी निराळी, गाणारी निराळी. १९४९ सालीं 'महल' चित्रपट आला, तेव्हां त्यांतील लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचें नांवहि नव्हतें. चित्रपटांतील पात्राचें, 'कामिनी' हें नांव छापलेलें होतें. यांत गाणाऱ्यावर अन्याय होता, हें खरेंच. पण याच व्यवस्थेनें आवाज हा रूपापासून आणि वयापासून मोकळा केला. पडद्यावरच्या नायिका येत गेल्या, जात गेल्या. आवाज मात्र कित्येक दशकें तोच राहिला.

श्रोतेहो, यावरून काय दिसतें? तरुण गायकावर लोक जें प्रेम करतात, तें एकाच वस्तूवरचें प्रेम नसतें. त्यांत थोडा गळा असतो, थोडें रूप, थोडें वय, आणि पुष्कळसा भाग त्या काळच्या माध्यमाचा असतो. मग तें माध्यम नाटक मंडळी असो, तबकडी असो वा दूरदर्शनची वाहिनी असो. यांतला गळ्याचा आणि विद्येचा भागच काय तो गायकाचा स्वतःचा. बाकीचें सारें उसनें, आणि उसनें केव्हां परत मागितलें जाईल, याचा नेम नसतो.

आज घरोघर हा प्रश्न पुन्हां उभा आहे. २००८ सालीं झी मराठी वाहिनीवर 'लिटिल चॅम्प्स'ची स्पर्धा गाजली, तेव्हांपासून आपल्या मुलानेंहि असेंच नांव काढावें, असें कितीतरी आईबापांना वाटूं लागलें आहे. तें वाटणें गैर नाहीं. परंतु मुलाचा आवाज फुटण्याच्या वर्षांत त्याला वरच्या पट्टींत ओढून गाववूं नये; पट्टी उतरवावी, कार्यक्रम कमी करावे, आणि तो काळ तालमीला द्यावा. त्याच्या मिळकतीवर घर चालवूं नये, कारण घराचा भार आला, म्हणजे मुलाला थांबण्याची मोकळीक उरत नाहीं. शिवाय त्याचें शाळेंतलें शिक्षण तोडूं नये.

थांबण्याची ही मोकळीक किती मोलाची, याचें उदाहरण कुमार गंधर्व. बेळगांव जिल्ह्यांतील सुळेभावी येथें १९२४ सालीं जन्मलेले कुमार दहा-अकराव्या वर्षींच जलशांतून गाजले. परंतु पुढें मुंबईंत मिरजेच्या प्रो. बी. आर. देवधर यांच्यापाशीं ते वर्षानुवर्षें शिकत राहिले. बालगायकाचें कौतुक मागें पडलें आणि विचारी गायक घडला. पुढें क्षयरोगानें त्यांना कित्येक वर्षें गातां आलें नाहीं, तरी त्या मौनानंतर ते पुन्हां उभे राहिले, आणि पूर्वींपेक्षां मोठे होऊन उभे राहिले.

राहतां राहिली आपली, म्हणजे ऐकणाऱ्यांची, जबाबदारी. एखाद्या कोवळ्या गळ्यावर आपण उद्यां भाळूं, तेव्हां त्याचें वय वाढणार आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवूं या. पंधराव्या वर्षीं आपण ज्याला डोक्यावर घेतलें, त्याचें गाणें त्याच्या पंचविसाव्या वर्षींहि एकदां जाऊन ऐकावें. त्या वेळीं सभागृह अर्धें रिकामें असेल. आणि नेमक्या त्याच वेळीं त्याला श्रोत्याची खरी गरज असते.