अडतं ते स्कॅनरपाशी

परभणीत सोयाबीन काढणीला आलं की यंत्र बंद ठेवून चालत नाही; परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली तरी दाणा डागाळतो. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ‘ट्रेम-4’ हे प्रदूषण निकष लागू झाले आणि इंधनाचा ताबा ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे, गेला. आता नुसता पाना पुरत नाही. इंजेक्टर बदलला तर बहुतेकदा त्याचा कोड ईसीयूत भरावा लागतो आणि त्यासाठी लागणारा स्कॅनर व त्याचं सॉफ्टवेअर मुख्यतः कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असतं. जिंतूर-गंगाखेडच्या मेकॅनिकचं अडतं ते इथे, हातोटीत नव्हे.

बाहेरच्याने हात लावला तर सुरक्षितता आणि धुराची मर्यादा बिघडेल, हा कंपन्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण त्यावर इलाज प्रशिक्षणाचा, कुलपाचा नव्हे. सुरक्षिततेची अशीच सबब मोटार कंपन्यांनीही पुढे केली होती. स्पर्धा आयोगाने ती 2014 मध्ये फेटाळली आणि सुटे भाग व निदान-उपकरणं बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल 14 कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला (पुढे अपिलं झालीच). केंद्राने 2022 मध्ये नेमलेल्या दुरुस्ती-हक्क समितीच्या यादीत शेती अवजारं आहेत, दुरुस्ती-हक्काचं पोर्टलही आहे. पण सॉफ्टवेअर खुलं करायला लावणारा स्वतंत्र कायदा नाही.